अंगावर काहीच उठले नाही, तरीही: अन्नाच्या तीव्र अ‍ॅलर्जीची आडवळणाची लक्षणे आणि पहिल्या अर्ध्या तासातील कृती

सोलापूरच्या स्वयंपाकघरात शेंगदाणा हा वेगळा पदार्थ म्हणून मोजलाच जात नाही. चटणीत तो असतोच, पण आमटीचा दाटपणा, भरल्या वांग्याचा मसाला, काकडीची कोशिंबीर, शेंगापोळी आणि एकादशीची साबुदाण्याची खिचडी या सगळ्यांत कूट गृहीतच धरलेले असते. त्यामुळे ‘शेंगदाणे खाल्ले होते का’ असे डॉक्टरांनी विचारल्यावर घरचे लोक अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. दुसरी अडचण अशी की अ‍ॅलर्जी म्हणजे अंगावर पित्त उठणे, लाल गांधी येणे आणि खाज सुटणे एवढेच चित्र आपल्या डोक्यात पक्के असते. ते दिसले नाही की घरी ऊन लागले, अ‍ॅसिडिटी झाली, जेवण बाधले, ठसका लागला किंवा दृष्ट लागली असे निदान होते आणि हाताशी असलेला वेळ त्यातच निघून जातो.

अन्नामुळे येणाऱ्या जीवघेण्या अ‍ॅलर्जीला वैद्यकात अ‍ॅनाफायलॅक्सिस म्हणतात. या प्रकारात सुमारे १० ते २० टक्के रुग्णांच्या त्वचेवर काहीही दिसत नाही. अन्नामुळे मृत्यू झालेल्या रुग्णांचा ब्रिटनमध्ये जो अभ्यास झाला, त्यात पहिल्या लक्षणापासून श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यम कालावधी केवळ ३० मिनिटांचा आढळला. म्हणून पुढील मजकुरात भर आहे तो या अर्ध्या तासावर.

पहिली पायरी: घड्याळ पाहा आणि ताट आठवा

एखाद्याला अचानक बरे वाटेनासे झाले, की सर्वांत आधी शेवटचा घास किती वेळापूर्वी पोटात गेला ते विचारावे. अन्नाची तीव्र प्रतिक्रिया बहुधा काही मिनिटांत, आणि जवळजवळ नेहमीच दोन तासांच्या आत सुरू होते. विषबाधेत उलट्या-जुलाब होतात ते पुष्कळदा यापेक्षा उशिरा, आणि त्याच पंगतीत जेवलेल्या अनेकांना एकदम होतात. अ‍ॅलर्जी मात्र एकालाच गाठते. बाकी सगळे जेवून पान खात बसले आहेत आणि एकच माणूस कोपऱ्यात घामाघूम झाला आहे, असे दृश्य असेल तर अन्न चांगले होते म्हणून निश्चिंत होऊ नये.

नंतर ताट आठवावे, आणि तेही पदार्थांच्या नावांनी न आठवता त्यांच्या घटकांनी. शेंगदाणा, तीळ, काजू, बदाम, दूध, अंडे, गहू, सोयाबीन, मासे आणि कोळंबी ही नेहमीची नावे झाली. आपल्याकडे हरभऱ्याची डाळ व बेसन यांचीही अ‍ॅलर्जी आढळते आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. काही ठिकाणी काजूचा रस्सा स्वस्तात बसावा म्हणून त्यात शेंगदाणा वाटून घालतात. रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, परंतु लाकडी घाण्याच्या तेलात ते राहते. म्हणून ‘एरवी तेल चालते’ हा अनुभव घाण्याच्या तेलाला लागू पडेलच असे नाही. भाजल्याने किंवा तळल्याने शेंगदाण्याचा धोका कमी होत नाही.

दुसरी पायरी: आडवळणाची लक्षणे ओळखा

सर्वांत फसवे लक्षण पोटाचे असते. जेवणानंतर दहा-वीस मिनिटांत नाभीभोवती जोराची कळ येते, लागोपाठ उलट्या होतात, शौचाला आवरत नाही, आणि माणूस ओवा खाऊन आडवा होतो. अ‍ॅलर्जी ठाऊक असलेल्या माणसाने ती वस्तू चुकून खाल्ली असेल आणि त्याला एकामागून एक उलट्या होत असतील, तर हा पोटाचा साधा बिघाड नाही असेच समजून चालावे. स्त्रियांना याच वेळी ओटीपोटात पाळीच्या वेळेसारखी तीव्र कळ येऊ शकते, कारण गर्भाशयाचे स्नायूही आवळले जातात. ही तक्रार पंगतीत कोणी मोठ्याने सांगत नाही, म्हणून घरातल्या एखाद्या बाईने त्या स्त्रीला बाजूला नेऊन विचारलेले बरे, पण बाजूला नेताना तिला चालवत नेऊ नये. त्याचे कारण पुढे येईल.

दुसरा गट तळहात, तळपाय, टाळू आणि कान यांचा. पुरळ नसताना तळहात चुरचुरणे, पायाचे तळवे खाजणे, कानाच्या आत खाज सुटणे, जीभ जाड झाल्यासारखी वाटणे, तोंडात तांब्याच्या भांड्यातल्या आंबट ताकासारखी धातूची चव येणे या गोष्टी पुढच्या संकटाची चाहूल देतात. नुसते तोंड खाजले आणि तेवढ्यावरच थांबले, तर तो वांगे, खरबूज किंवा कच्च्या फळांमुळे होणारा सौम्य प्रकार असू शकतो. मात्र तोंडाची खाज आणि दुसऱ्या कोणत्याही अवयवाची तक्रार एकत्र आली, तर ते सौम्य मानू नये.

तिसरे लक्षण आवाजाचे, आणि ते तपासायला कोणतेही यंत्र लागत नाही. रुग्णाला एका श्वासात एक ते दहा अंक म्हणायला सांगावे. अंक मध्येच तुटले, आवाज घोगरा झाला, दर दोन अंकांनी घसा खाकरावा लागला किंवा लाळ गिळता येईना, तर घशाला सूज येत आहे. सतत येणारा कोरडा खोकला हाही त्यातलाच प्रकार. शेंगाचटणीचा तिखट ठसका दोन घोट पाण्याने किंवा पाच मिनिटांत शमतो; न शमणारा खोकला तिखटाच्या माथी मारू नये. दम्याच्या रुग्णाला तर प्रत्येक वेळी दमाच वाटतो, आणि दमा असलेल्यांमध्येच अन्नाची प्रतिक्रिया जीवावर बेतण्याचा धोका अधिक असतो.

चौथा गट रक्तदाबाचा. चेहरा पांढराफटक पडणे, गार घाम, डोळ्यांपुढे अंधारी, जांभया, नाडी बारीक व जलद होणे, बसल्या जागी लघवी होणे, बोलण्यात गोंधळ होणे ही त्याची चिन्हे आहेत. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४० अंशांच्या पुढे असतो आणि लग्नेही त्याच दिवसांत असतात, म्हणून मांडवात कोणी कोसळले की ऊन लागले असे म्हणून कांदा हुंगवला जातो. उन्हाचा त्रास असेल तर तो बहुधा जेवणाच्या आधीपासून, उभे राहून किंवा प्रवास करून हळूहळू वाढलेला असतो. सावलीत बसून, पाणी पिऊन, पंगतीचे चार घास झाल्यावर अचानक अंधारी आली, तर शंका अन्नाची घ्यावी. पिकल्या वयातील माणसाला याच वेळी छातीत दुखू शकते, कारण अ‍ॅलर्जीच्या रसायनांनी हृदयाच्या रक्तवाहिन्याही आकुंचन पावतात. तेथे हृदयविकाराची तपासणी हवीच, परंतु काही खाल्ल्यानंतर हे सुरू झाले आहे ही माहिती डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगितली गेली पाहिजे.

शेवटचे लक्षण अनेकांना हास्यास्पद वाटते. रुग्ण म्हणतो, ‘मला काहीतरी होतंय, मी आता राहत नाही.’ अशी अकारण, अचानक दाटून आलेली मृत्यूची भीती हे अ‍ॅनाफायलॅक्सिसचे वैद्यकशास्त्रात नोंदलेले लक्षण आहे. जेवणानंतर लगेच असे बोलणाऱ्या माणसाला ‘घाबरू नकोस, मनाचे खेळ आहेत’ असे सांगून गप्प बसवू नये.

तान्ह्या बाळाला यातले काहीच सांगता येत नाही. ते एकदम किरकिरते किंवा उलट एकदम गप्प होते, आईला बिलगते, कान ओढते, जीभ बाहेर काढून चोळते, लाळ गाळते, रडण्याचा आवाज बसतो, अंग सैल पडते. पहिल्यांदा अंडे, शेंगदाण्याचे कूट किंवा म्हशीचे दूध दिल्यावर दोन तासांत असे झाले तर वाट पाहू नये. बाळांमध्ये आणखी एक वेगळा प्रकार असतो: अन्न दिल्यावर एक ते चार तासांनी बाळ पुन्हा पुन्हा उलट्या करते, फिकट आणि मलूल होते, पण त्वचा व श्वास ठीक असतात. दुधाने, सोयाबीनने किंवा अगदी तांदळाच्या पेजेनेही हे होऊ शकते. यात अ‍ॅड्रेनलिनपेक्षा (तीव्र अ‍ॅलर्जीवरचे इंजेक्शन, त्याविषयी पाचव्या पायरीत) सलाईनची गरज असते. पण हा भेद घरी करत बसू नये, बाळाला रुग्णालयात न्यावे.

अन्न नेहमीचेच, दिवस वेगळा

‘हे तर मी रोज खातो’ हे वाक्य अ‍ॅलर्जी नाकारायला पुरेसे नाही. काही लोकांना गव्हाची प्रतिक्रिया फक्त तेव्हाच येते, जेव्हा पोळी खाल्ल्यानंतर दोन-चार तासांत पळणे, व्यायाम किंवा अंगमेहनत होते. नुसती पोळी चालते आणि नुसते पळणेही चालते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या, मद्य, ताप आणि पाळीचे दिवस यांमुळेही एरवी सोसणारे अन्न एखाद्या दिवशी सोसत नाही. गुडघेदुखीची गोळी घेऊन हुरड्याच्या बेताला गेलेल्या आजोबांच्या बाबतीत दोष ज्वारीचा नसून हुरड्यासोबतच्या तिळाच्या चटणीचा आणि गोळीचा मिळून असू शकतो. दमट हवेत महिनोन्महिने उघडे राहिलेले पीठ किंवा तयार मिश्रण यांत माइट नावाचे धुळीतले सूक्ष्म जीव वाढतात, आणि धुळीची अ‍ॅलर्जी असलेल्यांना अशा पिठाचे पदार्थ खाऊन तीव्र प्रतिक्रिया आल्याचे उष्ण कटिबंधातील देशांत नोंदले गेले आहे. माइट डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून पीठ चाळून हा धोका टळत नाही. पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात आणि थोडेथोडे ठेवावे.

तिसरी पायरी: निर्णय

निर्णयाचा नियम मुद्दाम साधा ठेवावा. संशयित अन्नानंतर शरीराच्या दोन वेगवेगळ्या भागांत त्रास सुरू झाला, उदाहरणार्थ उलट्या आणि खोकला, किंवा तळहाताची खाज आणि अंधारी, तर ते अ‍ॅनाफायलॅक्सिस समजावे. ज्या वस्तूची अ‍ॅलर्जी आधीच ठाऊक आहे ती खाल्ल्यावर एकट्या घशाचा, श्वासाचा किंवा रक्तदाबाचा त्रास झाला, तरी तेवढे पुरे आहे. गांधी उठण्याची वाट पाहू नये. शंका असेल तर औषध देण्याच्या बाजूने झुकावे, कारण योग्य मात्रेत मांडीत दिलेल्या अ‍ॅड्रेनलिनने थोडी धडधड, थरथर आणि डोकेदुखी होते व ती ओसरते; उशिराची भरपाई मात्र पुष्कळदा होत नाही.

चौथी पायरी: आडवे करा, उठवू नका

रुग्णाला जमिनीवर पाठीवर निजवून पाय उशी, पोते किंवा उलटी खुर्ची यांवर उंच ठेवावेत. दम लागत असेल तर पाय लांब पसरून टेकून बसवावे. गरोदर स्त्रीला डाव्या कुशीवर, आणि उलट्या होत असतील किंवा शुद्ध हरपली असेल तर त्यालाही कुशीवर वळवावे. या अवस्थेत रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात आणि रक्त पायांत साचते. माणसाला एकदम उभे केले की हृदयात परत येणारे रक्त जवळजवळ थांबते, आणि असे उठून बसताच किंवा चार पावले चालताच मृत्यू झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. आपल्याकडची सर्वांत धोक्याची सवय म्हणजे रुग्णाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून ट्रिपल सीट दवाखान्याकडे पळवणे. हेतू कितीही चांगला असला, तरी ही बसण्याची रीत नेमकी शरीराच्या विरुद्ध आहे. चारचाकीची मागची सीट, टेम्पोचा हौदा किंवा रिक्षात आडवे निजवणे, यांपैकी काहीही त्याहून बरे.

तोंडात अन्न उरले असेल तर ते थुंकून टाकायला सांगावे. बोटे घालून उलटी करवू नये. ताक, लिंबूपाणी, कोकम, गूळपाणी यांपैकी काहीच पाजू नये, कारण घसा सुजत असताना ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

पाचवी पायरी: अ‍ॅड्रेनलिन

हेच पहिले औषध. सेट्रिझिनची गोळी किंवा एव्हिलचे इंजेक्शन खाज कमी करते, पण सुजलेला घसा उघडत नाही आणि पडलेला रक्तदाब उचलत नाही. स्टेरॉइडला परिणाम दाखवायला तास लागतात. लहान दवाखान्यांत ही दोन इंजेक्शने देऊन थांबण्याची पद्धत अजून आढळते, म्हणून नातेवाइकांनी नम्रपणे पण स्पष्ट विचारावे: ‘डॉक्टरसाहेब, अ‍ॅड्रेनलिन देणार ना?’

परदेशांत मिळते तसे आपोआप टोचणारे पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. व्यवहारात १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम औषध असलेली एम्प्यूल, म्हणजे काचेची बंद कुपी, आणि सिरिंज असा संच डॉक्टर लिहून देतात व वापरायला शिकवतात. मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम असते. मोठ्या माणसाला जास्तीत जास्त ०.५ मिलिलिटर आणि लहान मुलाला ०.३ मिलिलिटर. १५ किलोच्या मुलाला म्हणजे ०.१५ मिलिलिटर. हे गणित ऐनवेळी करायचे नसते. डॉक्टरांकडून आकडा लिहून घेऊन तो संचाच्या झाकणावर चिकटवून ठेवावा. १ मिलिलिटरची सिरिंज आणि एक इंची सुई घ्यावी. इन्सुलिनची सिरिंज वापरू नये, कारण तिची सुई स्नायूपर्यंत पोचत नाही आणि तिच्यावरच्या खुणा युनिटच्या असतात.

जागा एकच: मांडीची बाहेरची बाजू, कंबर आणि गुडघा यांच्या बरोबर मध्ये. पँटवरून टोचले तरी चालते, पण खिशात किल्ल्या किंवा मोबाइल नाही ना हे चाचपावे. नऊवारीचा ओचा किंवा साडी-परकराच्या जाड घड्या मात्र बाजूला साराव्यात. सुई सरळ, काटकोनात खुपसावी. दंडात किंवा कातडीखाली दिलेले औषध सावकाश शोषले जाते. शीर शोधण्याच्या भानगडीत घरच्या माणसाने मुळीच पडू नये. वेळ लिहून ठेवावी, आणि पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरी मात्रा द्यावी, म्हणून संचात दोन एम्प्यूल आणि दोन सिरिंजा असाव्यात. दम्याचा पंप जवळ असेल तर तो यानंतर द्यावा, याऐवजी देऊ नये. श्वास थांबला किंवा प्रतिसाद पूर्ण गेला, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब देणे सुरू करावे.

सहावी पायरी: कोठे न्यायचे

इंजेक्शन देणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणीतरी तेवढ्यात १०८ ला फोन लावलेला असावा. ‘चक्कर आली आहे’ असे न सांगता ‘खाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी, श्वासाचा त्रास’ असे शब्द वापरावेत आणि जवळची ठळक खूण द्यावी. शहरात शासकीय सर्वोपचार रुग्णालय, ज्याला सगळे सिव्हिल म्हणतात, तेथे चोवीस तास तातडीची सेवा आहे. करमाळा किंवा माळशिरसकडच्या गावातून सोलापूर गाठायला दोन तासांहून अधिक वेळ लागतो, म्हणून तिकडच्या लोकांनी ‘मोठ्या दवाखान्यातच नेऊ’ हा आग्रह सोडावा. लसीकरणानंतरच्या प्रतिक्रियेसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात अ‍ॅड्रेनलिनचा संच ठेवलेला असतो. पहिली मात्रा तेथे, मग तालुक्याचे रुग्णालय, हा क्रम शहाणपणाचा आहे. घरात अ‍ॅलर्जीचा रुग्ण असेल तर केंद्र किती वाजेपर्यंत उघडे असते आणि रात्री कोण असते, हे आधीच विचारून ठेवावे.

रुग्णालयात तीन गोष्टी न विचारता सांगाव्यात: काय खाल्ले व किती वाजता, अ‍ॅड्रेनलिन दिले असेल तर किती व केव्हा, आणि रुग्ण रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या घेतो. बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्या घेणाऱ्यांवर अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम कमी होऊ शकतो आणि मग वेगळे औषध लागते. बरे वाटले म्हणून लगेच घरी जाण्याची घाई करू नये. काही जणांना पुन्हा काही न खाताही लक्षणांची दुसरी लाट येते, बहुधा पहिल्या बारा तासांत, क्वचित ७२ तासांपर्यंत. त्रास तीव्र होता, किंवा दोन मात्रा लागल्या, किंवा घर दूर आहे, तर रात्रभर थांबण्याची विनंती आपणच करावी.

नंतरची तपासणी

लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण एक ते चार तासांत ट्रिप्टेजसाठी (अ‍ॅलर्जीच्या वेळी रक्तात वाढणारे एक प्रथिन) रक्त घेतले गेले तर निदानाला मदत होते, पण अन्नाच्या प्रतिक्रियेत तो आकडा सामान्यही येऊ शकतो. त्वचेची टोचणी-चाचणी आणि विशिष्ट आयजीईची (अ‍ॅलर्जी घडवणाऱ्या प्रतिपिंडाची) रक्तचाचणी चार ते सहा आठवड्यांनी, अ‍ॅलर्जीतज्ज्ञाच्या सल्ल्याने करावी. शंभर-दोनशे पदार्थांची आयजीजी (वेगळ्याच प्रतिपिंडाची) चाचणी करून लांबलचक यादी हाती देणाऱ्या प्रयोगशाळांवर पैसे घालवू नयेत. ती चाचणी अ‍ॅलर्जी सांगत नाही, आणि त्या यादीपायी वाढत्या मुलांचे ताट विनाकारण रिकामे होते.

सोलापूरच्या उन्हात औषध आणि पंगतीत रुग्ण

अ‍ॅड्रेनलिन २५ अंशांखाली व उजेडापासून दूर ठेवायचे असते, आणि फ्रिजमध्ये ठेवायचे नसते. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत हे सांभाळणे कठीण जाते. स्कूटरची डिकी, बंद मोटारीचा डॅशबोर्ड, पत्र्याच्या घरातील वरची फळी आणि देवघरातील दिव्याजवळचा कोनाडा या जागा बाद. घरात माठाच्या खोलीतील खालचा कप्पा, बाहेर जाताना उष्णतारोधक छोटी पिशवी, आणि सोबत थंड पाण्याची बाटली ठेवायची असेल तर मध्ये रुमालाची जाड घडी, म्हणजे एम्प्यूल गोठण्याइतकी गार पडत नाही. दर महिन्याच्या एकादशीला म्हणा किंवा पगाराच्या दिवशी म्हणा, एम्प्यूल उजेडात धरून पाहावी: औषध पाण्यासारखे स्वच्छ असावे. ते गुलाबी-तपकिरी झाले असेल, आत कण दिसत असतील किंवा मुदत संपली असेल तर बदलावे. काही रुपयांच्या वस्तूसाठी काटकसर करू नये.

पाकिटावरचे लेबल वाचण्याची सवय ठेवावी, पण त्यावर संपूर्ण भिस्त ठेवू नये. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कवचफळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढील सल्फाइट यांची सूचना द्यावी लागते. या यादीत तीळ नाहीत आणि हरभराही नाही, तेव्हा घटकांची बारीक अक्षरांतली ओळ वाचावीच लागते. संक्रांतीला, सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, घरोघरी वाटला जाणारा तिळगूळ तर लेबलाशिवायच हातावर पडतो, आणि त्यात बहुधा शेंगदाणेही असतात. मुलाने तो नाकारला तर अपमान वाटून घेऊ नये, हे नातेवाइकांना सणाच्या आधीच सांगून ठेवावे. मुलाला तो हातात घेऊन, डोक्याला लावून, आईकडे द्यायला शिकवले की मान राखला जातो, मात्र नंतर हात साबणाने धुवावेत. सॅनिटायझरने शेंगदाण्याचे प्रथिन निघत नाही.

आचाऱ्याला ‘शेंगदाणे आहेत का’ असे विचारण्याऐवजी ‘या भाजीच्या वाटणात काय काय घातले, आणि त्याच मिक्सरमध्ये आधी कूट केले होते का’ असे विचारावे. पंगतीत वाढपी एकच डाव आमटीतून भाजीत आणि भाजीतून वरणात फिरवतो, म्हणून अशा रुग्णाचे ताट पहिल्या पंगतीत, भांडी उघडताच वाढून घ्यावे. शाळेत वर्गशिक्षिकेकडे मुलाचा फोटो, टाळायचे पदार्थ, औषधाची मात्रा आणि दोन फोन नंबर असलेला एक कागद डॉक्टरांच्या सहीनिशी द्यावा, आणि वर्ग बदलताच तो नव्या बाईंकडे पोचला का ते स्वतः जाऊन पाहावे.